अलिबागची सुई आणि ध्रुवाचे आकाश



आजचा विषय ध्रुवाकडच्या आकाशाचा, आणि आपण बसलो आहोत नारळी-पोफळींच्या मुलखात! पण या दोहोंना जोडणारी एक सुई आपल्याच अलिबागेस आहे.

मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १८४१ सालापासून चाले. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येण्याचे घाटले. त्या प्रवाहाने सुया बहकणार हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात, १९०४ साली, हे काम अलिबागेस आले. येथील इमारतींत लोखंड वर्ज्य मानले. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या, जुन्या वहीचा नव्या वहीशी ताळा राहावा म्हणून. घर बदलले, पण हिशेब तुटला नाही.

त्या हिशेबात आपणांस काय सापडते? २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्यास आडवे चुंबकबल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे शेकडा चारएक भागाने, उतरले. सूर्याकडून आलेला भारित कणांचा लोंढा पृथ्वीवर आदळला होता. अशा वादळात पृथ्वीभोवती फिरणारा विद्युत्प्रवाह बळावतो आणि आपली सुई ढळते. त्याच धामधुमीत पृथ्वीच्या चुंबकाने अंतराळात कोंडून धरलेले वेगवान इलेक्ट्रॉनही सुटतात. ते आपल्या डोक्यावर पडत नाहीत. चुंबकीय बलरेषा त्यांना ध्रुवांकडील हवेत उतरवितात. त्यांतले मंद कण शंभरएक किलोमीटरांवरच अडतात आणि आकाश रंगवितात. जलद कण साठ-सत्तर किलोमीटरांपर्यंत घुसून नायट्रोजनचे रेणू फोडतात. त्यातून झालेली नायट्रोजनची ऑक्साइडे ध्रुवावरच्या दीर्घ रात्री, ऊन नसल्याने, टिकतात. हळूहळू खाली उतरतात आणि ओझोन खातात. रंग डोळ्यांना दिसतो. ही झीज दिसत नाही.

मे २०२४ च्या वादळात लडाखातील हानले येथे आकाश तांबडे झाले. आपण कोकणात झोपलो होतो. वेधशाळा जागी होती. जुन्या सुयांची जागा आज नव्या यंत्रांनी घेतली आहे आणि कारभार नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. वही मात्र तीच चालू आहे.

श्रोतेहो, एका दिवसाच्या नोंदीला मोल थोडे. शतकाच्या अखंड नोंदीला फार. ट्रामपायी एकदा घर बदलता आले. उद्या आपल्याच गावाच्या लोखंडाने आणि विजेच्या तारांनी या यंत्रांना वेढले, तर ती कोठे न्यावी? ध्रुवावरचे वादळ आपल्या हाती नाही. वेधशाळेभोवतीची शांतता मात्र आपल्याच हाती आहे. ती आपण राखू या.