"कुठलं इंजिन?" : सिम्युलेटरमधली आग आणि एक चेकलिस्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करतो. मागच्या महिन्यात मी एक विमान समुद्रात पाडलं. घाबरू नका, सिम्युलेटरमध्ये. पुण्यातल्या आमच्या टू बीएचकेमध्ये, रात्री साडेअकराला, घरचे झोपलेले असताना.

विमान होतं बोइंग ७३७-८००. मुंबईच्या रनवे २७ वरून टेकऑफ. या रनवेवरून उडालं की जुहू मागे टाकत आपण सरळ अरबी समुद्रावर जातो. सिममध्ये बिघाड ठरवून लावता येतात, तशी मी डाव्या इंजिनला आग लावून ठेवली होती, फक्त नेमकी कधी लागेल ते सिमवर सोडलं होतं. चाकं आत गेली आणि घंटा वाजायला लागली. समोर लाल दिवा. मला वाटत होतं, मला सगळं येतं. यूट्यूबवर शंभर व्हिडिओ बघितलेत की! माउस सरळ खाली नेला आणि एक लिव्हर कटऑफला टाकला. इंजिन बंद. पण घंटा वाजतेच आहे. मी टाकलेला लिव्हर उजव्या इंजिनचा होता.

मग काय, हात थरथरायला लागले, डावंही बंद केलं. आणि मग ती शांतता. दोन्ही इंजिनं बंद, उंची दीड हजार फूट, खाली पाणी.

सिममध्ये अशा वेळी आपण काय करतो? रीस्टार्ट. पण त्या रात्री मला झोप आली नाही. कारण हीच चूक खरी घडलेली आहे, आणि तिच्यात माणसं गेली आहेत. त्याकडे येतोच. आधी ज्या पुस्तकाकडे मी त्या रात्री बघितलंही नाही, त्याच्याबद्दल बोलू.

त्याला म्हणतात क्विक रेफरन्स हँडबुक, थोडक्यात क्यूआरएच. कॉकपिटमध्ये पायलटच्या हाताशी असतं. बिघाड झाला की हे उघडायचं. चांगल्या ७३७ ॲड-ऑनसोबत सिमसाठीची चेकलिस्ट मिळते, काहींमध्ये ती कॉकपिटमधल्या टॅबलेटवरच असते. एअरबस ए३२० उडवत असाल तर बऱ्याच बिघाडांची कामं समोरच्या ईकॅम स्क्रीनवर आपोआप येतात, आणि ईकॅममध्ये जे बसत नाही त्यासाठी क्यूआरएच असतं. आज आपण बोइंगपुरतं बोलू.

या पुस्तकातली प्रत्येक चेकलिस्ट एकाच साच्यातली असते. वर नाव. नावाखाली 'कंडिशन', म्हणजे ही चेकलिस्ट नेमकी केव्हा वापरायची. आपण सगळे हीच ओळ गाळतो! पण चुकीची चेकलिस्ट अगदी बरोबर पार पाडली तरी उत्तर चुकीचंच येणार. त्यानंतर कामांच्या ओळी. काही चेकलिस्टमध्ये मध्ये एक तुटक रेघ असते. रेघेच्या वरची कामं तोंडपाठ हवीत, कारण तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो. रेघेच्या खालची कामं मात्र पाठ असली तरी वाचूनच करायची. आणि शेवटी चार काळे चौकोन, म्हणजे चेकलिस्ट संपली. ते दिसेपर्यंत संपली म्हणायचं नाही.

आता इंजिनच्या आगीची पाठ कामं बघा. ऑटोथ्रॉटल बंद. ज्या इंजिनला आग आहे त्याचा थ्रस्ट लिव्हर मागे. त्याच इंजिनचा स्टार्ट लिव्हर कटऑफला. त्याचाच फायर स्विच वर ओढायचा. दिवा तरीही पेटलेला असेल तर स्विच एका बाजूला फिरवून १ सेकंद धरायचा, म्हणजे आग विझवणारी पहिली बाटली सुटते. ३० सेकंदांनंतरही दिवा तसाच असेल तर दुसरी बाटली.

ऐकायला सोपं आहे. पण थ्रस्ट लिव्हर, स्टार्ट लिव्हर आणि फायर स्विच, या तिन्ही ओळींत एक शब्द छापलेला असतो: 'कन्फर्म'. मी तो शेकडो वेळा वाचलाय आणि तेवढ्याच वेळा त्याच्यावरून पुढे गेलोय. वाटायचं, असेल काहीतरी औपचारिकता.

८ जानेवारी १९८९. ब्रिटिश मिडलंडचं ७३७-४०० हीथ्रोहून बेलफास्टला निघालं होतं. आत १२६ माणसं. वर चढताना डाव्या इंजिनच्या पंख्याचं एक पातं तुटलं. विमान थरथरायला लागलं, कॉकपिटमध्ये धुराचा वास आला. वैमानिकांना वाटलं, बिघाड उजव्या इंजिनात आहे. त्यांनी उजव्याची शक्ती कमी केली, आणि योगायोगाने थरथर आणि वास दोन्ही कमी झाले. म्हणजे आपलं बरोबरच होतं की! उजवं, चांगलं चालणारं इंजिन त्यांनी बंद केलं. कॅप्टनने प्रवाशांना सांगितलंही, उजव्या इंजिनात बिघाड होता. मागे बसलेल्या काही प्रवाशांनी डाव्या बाजूला ज्वाळा पाहिल्या होत्या. पण कॉकपिटपर्यंत ते कोणी पोचवलं नाही. उतरताना कॅप्टनने घडलेल्या गोष्टींची पुन्हा उजळणी सुरू केली होती. मध्ये रेडिओवर बोलणं आलं आणि ती उजळणी अर्धी राहिली. ईस्ट मिडलंड्सचा रनवे चार-साडेचार किलोमीटरवर असताना डावं इंजिनही गेलं. केगवर्थ गावाजवळ, एम-वन महामार्गाच्या कडेला विमान कोसळलं. ४७ माणसं गेली.

ते दोघे अनुभवी होते, बेफिकीर नव्हते. ते फक्त घाईत होते, आणि पहिला अंदाज बरोबर आहे असं भासवणारा पुरावा त्यांना लगेच मिळाला. 'कन्फर्म' हा शब्द त्या घाईसाठी आहे. जे काम करून परत फिरवणं अवघड, त्याच्या आधी दोन क्षण थांबायचं, आणि दुसऱ्या माणसाने बघून 'हो' म्हणायचं.

आता आपली अडचण लक्षात आली का? खऱ्या कॉकपिटमध्ये एक जण उडवतो आणि दुसरा वाचतो. घरी मी एकटाच. वाचणारा मी, करणारा मी आणि हो म्हणणाराही मीच. परीक्षेत स्वतःचाच पेपर स्वतः तपासल्यासारखं.

म्हणून रविवारी मी माझ्या धाकट्या बहिणीला शेजारी बसवलं. ती बीकॉमला आहे, विमानातलं तिला काही म्हणजे काही कळत नाही. चेकलिस्टचं पान तिच्या मोबाइलवर दिलं आणि सांगितलं, "फक्त ओळ वाच. मी उत्तर दिल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही. कन्फर्म आलं की मला अडव."

पुन्हा मुंबई, पुन्हा २७. या वेळी कोणत्या इंजिनला आग लागणार तेही मला ठाऊक नव्हतं. घंटा वाजली. मी घंटा बंद केली आणि आधी विमान सांभाळलं. नाक सरळ, गिअर वर, ४०० फूट होईपर्यंत इंजिनांना हात नाही. ही घाई न करणंसुद्धा शिकावं लागतं! मग थ्रस्ट लिव्हरकडे हात नेला.

"दादा, कुठलं इंजिन?"

"एक नंबर. डावं."

"कशावरून?"

हा प्रश्न मी तिला शिकवला नव्हता. मला खरंच वर बघावं लागलं. लाल दिवा कुठल्या स्विचमध्ये आहे? खाली इंजिनचे आकडे काय सांगतायत? दिवा उजव्या स्विचमध्ये होता. आग दोन नंबरला होती! आदल्या वेळी डावं होतं, म्हणून माझ्या डोक्यात डावंच बसलं होतं.

मी काही बोललो नाही, फक्त म्हटलं, "दोन नंबर. उजवं." ती म्हणाली, "बोट ठेव." बोट ठेवलं. "हं, आता कर."

आग विझली. मग रेघेखालची कामं एकेक करून वाचली, चौकोन येईपर्यंत. एका इंजिनवर उतरायची चेकलिस्ट वेगळी असते, तीही वाचली. पंचवीस मिनिटांनी परत मुंबईला उतरलो. लँडिंग वाईट होतं, पण चाकांवर होतं. ती म्हणाली, "एवढंच? मला वाटलं खूप धावपळ असेल."

आता कोणी म्हणेल, पुस्तक वाचत बसलो तर विमान पडेल. बरोबर आहे. १५ जानेवारी २००९, न्यूयॉर्कचं हडसनवरचं विमान आठवा. एअरबस ए३२०, पक्षी आदळून दोन्ही इंजिनं गेली, साधारण २,८०० फुटांवर. पाण्यावर उतरेपर्यंत मिळाली जेमतेम साडेतीन मिनिटं. दोन्ही इंजिनं गेल्याची त्यांची चेकलिस्ट तीन पानांची होती, आणि ती २०,००० फुटांच्या वरच्या उंचीसाठी लिहिलेली. सहवैमानिक जेफ स्काइल्स वाचत राहिले, पण ती पुरी होणं शक्यच नव्हतं. कॅप्टन सलेनबर्गर यांनी शेपटीतलं छोटं इंजिन, एपीयू, यादीत पाळी यायच्या आधीच सुरू केलं, त्यामुळे वीज टिकली. १५५ च्या १५५ माणसं वाचली. म्हणजे चेकलिस्ट कधी सोडायची हेही कळायला हवं. पण ते कळलं कोणाला? ज्यांना ती आतून-बाहेरून माहीत होती त्यांना. मी त्या रात्री चेकलिस्ट सोडली नव्हती, मी ती उघडलीच नव्हती.

तर तुम्ही सिम उडवत असाल तर या आठवड्यात एवढं करा. पान मोबाइलवर ठेवा, त्याच स्क्रीनवर खिडक्या बदलत बसू नका. पॉज दाबू नका. आधी विमान सांभाळा, मग कंडिशन मोठ्याने वाचा. मध्येच कोणी हाक मारली तर ज्या ओळीवर होता तिथे अंगठा ठेवा. आणि कन्फर्म आलं की बोट ठेवून नंबर मोठ्याने म्हणा. शेजारी कोणी बसलं तर उत्तमच, त्याला विमानातलं काही कळायची गरज नाही. फक्त ही सिमची पानं सिमपुरतीच, खऱ्या उड्डाणासाठी नाहीत.

जाता जाता एक. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. मध्यंतरी रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला, आणि मी कमांड टाइप करून एंटरवर बोट ठेवलं होतं. तेवढ्यात बहिणीचा आवाज डोक्यात आला, "कुठलं? कशावरून?" बघितलं तर मी दुसऱ्याच, चालू असलेल्या मशीनवर होतो.

बोट उचललं. बस, एवढंच सांगायचं होतं. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!