रजिस्टरमध्ये मी ‘घरखर्च’ लिहिलं होतं

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत भुदरगड तालुक्यातल्या एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. शक्यतो त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)



मला अध्यक्षताईंनी ‘गटामुळं माझ्यात झालेला बदल’ या विषयावर बोलायला सांगितलंय. दरवर्षी या विषयावर कुणीतरी शेळ्यांचं सांगतं, कुणी शिलाई मशीनचं सांगतं. माझ्याकडं शेळ्या नाहीत. मी आज एका चुकीचं सांगणार आहे. आणि एका सहलीचं. दोन्ही एकच आहे म्हणा.

मी गटाची सचिव. नऊ वर्षं रजिस्टर माझ्या हातात आहे. बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, सगळं मीच लिहिते. दुसऱ्या बाईनं कर्ज मागितलं की मीच विचारते, कशाला पाहिजे, नीट सांग. आणि जानेवारीत मी स्वतः ६,००० रुपये उचलले तेव्हा कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘घरखर्च’. खरं कारण होतं, नवरा-बायकोनं कोल्हापूरला दोन दिवस फिरायला जायचं.

आता हसू नका. लग्नाला चोवीस वर्षं झाली. कोल्हापूर आमच्यापासून ५०-५५ किलोमीटर. तिथं मी किती वेळा गेले असेन? सीपीआरला गेले सासऱ्यांना घेऊन. पोराच्या ॲडमिशनला गेले. लग्नाचा बस्ता काढायला गेले तेव्हा चौदा माणसं होती. दोघंच म्हणून कधी नाही. मालकांना एकदा म्हटलं, अहो, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी अंबाबाईचा किरणोत्सव असतो, मला एकदा बघायचाय. एरवी उडवून लावणारा माणूस, त्या दिवशी म्हणाला, “जाऊया की. र्‍हाऊयाच एक रात.”

आत्ती लगेच म्हणाल्या, “ऊसाला तोड आली न्हाई आजून, आन् तुमी निघालासा फिराय?” त्यांचंही बरोबर होतं. पण तोड कधी येणार ते कारखान्याच्या स्लिपबॉयलाच ठाऊक. त्याच्यासाठी थांबलं तर जन्म जाईल.

एसटीत बसलो. २०२३ च्या मार्चपासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, तेव्हापासून हे दरवेळी म्हणतात, आमचं पूर्ण आणि तुमचं अर्धं, मग अर्धी सीट घ्या. मुदाळतिट्टा, बिद्री, इस्पुर्ली, कळंबा. खिडकीशी मी. मांडीवर पिशवी नाही, पोरगं नाही, डबा नाही. हात कुठं ठेवायचे तेच कळेना.

कोल्हापुरात उतरल्यावर रिक्षा केली आणि देवळाजवळच्या एका भक्तनिवासाचं नाव सांगितलं. खोली ह्यांनी मोबाईलवरनं आधीच बुक केली होती. काउंटरवर गेलो, नाव सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, असं बुकिंगच नाही. ह्यांनी मोबाईल काढून दाखवला. तो माणूस भला होता, त्यानं नंबर बघितला आणि म्हणाला, “मामा, हा नंबर आमचा न्हाई. या महिन्यात असं फसून आलेलं तुमी तिसरं.”

मी म्हटलं, १,८०० रुपये गेले, जाऊ द्या. तर हे खाली बघायला लागले. मग हळूहळू निघालं. १,८०० नव्हे, ३,८०० गेले होते. चार दिवस आधीच.

ते कसं गेले ते मी सविस्तर सांगते, कारण इथं बसलेल्या निम्म्या जणींच्या मोबाईलमध्ये पैसे पाठवायचं ॲप आहे. ह्यांनी मोबाईलवर भक्तनिवासाचं नाव टाकून शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला त्यावर फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलला, खोलीचे फोटो पाठवले, क्यूआर कोड पाठवला. ह्यांनी १,८०० भरले. पावती मागितली तर तो म्हणाला, तुमचे पैसे चुकीच्या खात्यात गेलेत, परत पाठवतो, हा दुसरा कोड स्कॅन करा आणि पिन टाका. ह्यांनी टाकला. पैसे यायच्या ऐवजी २,००० आणखी गेले.

बायांनो, पिन हा पैसे द्यायला लागतो. घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. बँकेच्या शिबिरात हे साहेब फळ्यावर लिहून सांगत होते तेव्हा मी पुढच्या रांगेत होते. मी घरी येऊन ते सांगितलं नाही. मला वाटलं, शिबिर गटाचं आहे, ह्यांचा काय संबंध? आणि ह्यांना फसलेलं कळल्यावर हे मला बोलले नाहीत, कारण पैसे माझ्या गटाचे. चार दिवस एका ताटाशेजारी जेवलो, पण एक शब्द नाही.

मी देवळाच्या त्या गर्दीत चिडले. रडले पण. म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत जाऊया. हे काही बोलेनात. मग मला शिबिरातला तो नंबर आठवला, १९३०. तिथंच कट्ट्यावर बसून लावला. बऱ्याच वेळानं लागला. त्यांनी विचारलं, कुठल्या तारखेला गेले, कुठल्या बँकेतून, व्यवहाराचा नंबर काय, समोरच्याचा मोबाईल कोणता. ॲपमध्ये व्यवहार उघडला की तो लांब नंबर दिसतो, तो वाचून दाखवला. तक्रार नोंद झाली, मेसेज आला. पण बाई म्हणाली, चार दिवस उशीर झाला हो, लगेच फोन केला असता तर समोरच्या खात्यात पैसे अडवता येतात, आता बघूया. अजून आलेले नाहीत. हे चार दिवस लाजेत गेले, तेच महागात पडले.

कर्जातले २,२०० उरले होते. तेव्हा मग मी माझं गुपित काढलं. तांदळाच्या डब्यात अंड्याचे जमवलेले १,५०० मी आतल्या पिशवीत घालून आणले होते. ह्यांना त्या डब्याचा पत्ता नव्हता. हे माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, “म्हंजे तू बी?” आणि दोघंही हसायला लागलो. देवळापुढं ओटीवाली बाई बघत होती, तिला वाटलं असेल, मघाशी रडत होती आणि आता काय झालं.

लॉज शोधला. काउंटरवरच्या पोरानं दोघांचं आधार कार्ड घेतलं आणि ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, “मिसेसच हायत न्हवं?” माझं वय पंचेचाळीस, ह्यांचे अर्धे केस पांढरे. मी म्हटलं, बाळा, न्हाईत, भाड्यानं आणलंय. १,२०० रुपये घेतले. चादर मळकी, नळाला पाणी बारीक, रात्रभर खालच्या गाड्यांचा आवाज. आपलं घर बरं, एवढं मात्र पटलं.

आता किरणोत्सवाचं. संध्याकाळी मावळतीची उन्हं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा असं एकेक ओलांडत गाभाऱ्यात जातात. आधी पाय, मग वर वर चढत मुखापर्यंत. वर्षात दोनदाच हे होतं, नोव्हेंबरात ९ ते ११ आणि हे जानेवारी-फेब्रुवारीतलं. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांनी सूर्याचा हिशेब किती बारीक केला असेल बघा. आपला महिन्याचा ताळेबंद एक रुपयानं जुळत नाही तर आपण तीन तास बसतो. पण आता मध्ये उंच इमारती झाल्या, हवेत धूर-धूळ असते, त्यामुळं दरवर्षी किरण पोचतीलच असं नाही. आत शिरायला जागाच नव्हती. आम्ही बाहेर स्क्रीनवर बघितलं. त्या दिवशी उन्हं पायाशी आली, थोडी वर चढली आणि विरून गेली. लोक हळहळले. मला मात्र वाईट वाटलं नाही. दिवसभर एवढं झाल्यावर पायापर्यंत पोचलं हेच पुष्कळ वाटलं.

एक गोष्ट इथं बोलायलाच पाहिजे. दुपारपासून मी पाणी प्यायले नाही. का, ते सगळ्यांना माहिती आहे. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या बायका रोज देवीला येतात, आणि बाईनं स्वच्छतागृह शोधायचं तर चार जणांना विचारायचं, आणि सापडलं तर कडी नसते. मी कडी धरायला ह्यांना दारात उभं केलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा हे माझ्यासाठी दारात उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी मला विचारलं, खासबाग बघायची का? मी म्हटलं, कुस्तीचं मैदान रिकामं बघून काय करायचं? पण गेलो. शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलेलं मैदान. मध्ये खोल आखाडा आणि चारी बाजूंनी पायऱ्या, कुठंही बसा, पैलवान दिसणारच. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, तेही महाराजांनीच १९१५ ला उभं केलेलं, आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालेलं. तिकडं बघून हे गप्पच झाले. पायरीवर बसले. मग म्हणाले, “मी हितं लढलोय.”

मला कळेना. तर एकोणीस वर्षांचे असताना हे वर्षभर कोल्हापुरात तालमीत होते. पहाटे चारला उठायचं, जोर-बैठका, माती उकरायची, दूध-थंडाईचा खुराक घरनं यायचा. या मैदानात मुख्य कुस्तीच्या आधी ज्या लहान जोडी लावतात, त्यात एकदा उतरले होते. जिंकले पण. बक्षीस काय मिळालं ते अजून पाठ आहे, एकावन्न रुपये आणि एक फेटा. मग त्यांच्या चुलत्यांचं आजारपण निघालं, घरात कर्ज झालं, खुराक बंद झाला आणि हे वळकटी घेऊन गावाकडं आले. त्यानंतर कधी बोलले नाहीत. चोवीस वर्षं मी या माणसाला भाकरी वाढतेय, त्याचा एक कान जरा चपटा का आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं जन्मापासनंच असेल.

तासभर बसलो तिथं. ऊन वाढलं तरी बसलो. मी काही बोलले नाही. काय बोलणार?

मग चप्पल लाईनला गेलो. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, इटलीच्या प्राडा कंपनीनं तिकडच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, मग केवढा बोभाटा झाला, टीव्हीवर बघितलं असेल तुम्ही. दुकानदारानं सांगितलं की पट्ट्यावरची ती बारीक वेणी घालायचं काम पुष्कळदा घरातल्या बायकाच करतात. मी विचारलं, त्यांना जोडीमागं किती मिळतात? तो म्हणाला, “ताई, चप्पल बघा.” ८५० ला घेतली. पहिले आठ दिवस चावली, आता बसलीय पायात.

दुपारी खानावळीत दोन ताटं घेतली, ५०० रुपये. तांबडा बरा होता. पांढरा रस्सा माझ्या हातचा चांगला, हे मी नाही, ह्यांनी म्हटलं. रंकाळ्यावर भेळ खाल्ली. घरी पोचलो तेव्हा कनवटीला २४० रुपये होते.

आता चुकीकडं येते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या बैठकीत मी रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांपुढं सांगितलं की ‘घरखर्च’ खोटं आहे. पहिल्यांदा शांतता. मग एक काकी तडकल्या. त्या म्हणाल्या, “माझ्या सुनेनं माहेरी भावाच्या लग्नाला पैसं मागितलं तवा तू म्हटलीस, असल्या कारणाला गटाचा पैसा न्हाई. आन् तू रंकाळ्यावर भेळ खाल्लीस!” मला उत्तर नव्हतं. आजही नाही. मी त्यांच्या सुनेची माफी मागितली. सचिवपद सोडते म्हटलं. त्यावर मतदान झालं, सहा जणी म्हणाल्या राहू दे, चार जणी म्हणाल्या जाऊ दे. चार हा आकडा लहान नाही, तो मी लक्षात ठेवलाय.

दोन ठराव झाले. एक, सचिवाचा कर्जाचा अर्ज अध्यक्षांनी वाचायचा आणि कारण त्यांनी लिहायचं. दोन, कारणांमध्ये ‘प्रवास, माहेर, फिरणं’ असं एक कारण घालायचं, मर्यादा ३,००० रुपये, परतफेड सहा महिन्यांत. दुसऱ्या ठरावाला आमच्यातल्या तिघींचा अजून विरोध आहे. त्या म्हणतात, बचतीचा पैसा उत्पन्नाला लागला पाहिजे, हौसेला नाही. त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. मी फक्त एवढंच विचारलं की बारशाला, डोहाळजेवणाला आपण कर्ज देतो, तेव्हा त्याला काय म्हणतो?

माझे ६,००० शेकडा दोननं होते. चार हप्ते गेले, दोन राहिलेत. पोलिसांकडचा तक्रार क्रमांक मी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय. त्या ठरावाखाली पहिला अर्ज त्या काकींच्या सुनेचा आला, मागच्या महिन्यात मंजूर झाला. आणि आमच्या आत्ती शहात्तर वर्षांच्या आहेत, पंचाहत्तरच्या पुढं एसटी फुकट असते, त्या रोज विचारतात, “मला कवा न्हेतासा?” आता नोव्हेंबरात बघू, ऊसाची तोड आली नसली तर.

माझा वेळ संपला, ताई खुणावताहेत. बसते. नमस्कार.