घरातली दोरी कोण वळायचं?

आज दोरीवर बोलायचं ठरवलंय म्हटल्यावर आमच्या गटातली एक जण हसली. "ताई, विषय संपले का?" म्हणाली. मी तिला म्हटलं, तुझ्या सासूबाईंच्या काळात घरात, गोठ्यात, शेतात दोरीवर काय काय चालायचं ते जरा विचारून ये.

दुसऱ्या दिवशी ती कागद भरून घेऊन आली. आढ्याला शिंकं. तुळईला बाळाचा पाळणा. बाजेचं विणकाम. ताक घुसळायच्या रवीची दोरी. आडाचा पोहरा. गोठ्यात दावं, बैलाला वेसण, मोरखी आणि कासरा. शेतात पाखरं राखायला गोफण, मळणीत आणि कोळपताना बैलानं पिकात तोंड घालू नये म्हणून मुसकी. कडब्याच्या पेंढीचा बंध. पोतं शिवायला दाभण आणि सुतळी. खाली तिनं लिहिलं होतं, "आणि माझ्या पोराचा करदोटा." ते वाचून मला फार बरं वाटलं, कारण ते मला सुचलंच नव्हतं.

करदोट्याचंच आधी सांगते. बाळाच्या कमरेला काळा दोरा बांधतात तो नजर लागू नये म्हणून, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण म्हाताऱ्या बायका बाळाला न्हाऊ घालताना त्यात बोट घालून बघायच्या. दोरा रुतायला लागला की पोर अंगी लागलं म्हणायच्या आणि गाठ सैल करायच्या. महिने गेले तरी तो सैलच राहिला, तर काळजी. आज अंगणवाडीत ताई सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला पट्टी गुंडाळतात ना, तिचं कामही तेच, फक्त माप पक्कं. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंड भरला तर तो लाल भाग, म्हणजे मूल तीव्र कुपोषित, त्याला लगेच दवाखान्यात दाखवायचं. करदोटा खुशाल बांधा, पण भरवसा पट्टीवर ठेवा.

आता मुद्द्याचं. ही सगळी दोरी यायची कुठून? दुकानातून थोडी, बाकी सगळी बांधावरून. आमच्याकडे ज्याला घायपात म्हणतात, मराठवाड्यात केकताड म्हणतात, ते काटेरी टोकाच्या जाड पानांचं झाड मूळचं इथलं नाही, अमेरिका खंडातून आलंय. पण बांधाला कुंपण म्हणून असं रुजलं की आता आपलंच वाटतं. अंबाडी तर दुहेरी कामाची. कोवळी होती तोवर पानांची भाजी, आणि वाढली की खोडाच्या सालीचा वाख. पळसाच्या मुळ्या ठेचून वाख निघतो, आपट्याच्या सालीनं लाकडाची मोळी बांधतात. कोकणात नारळाच्या सोडणाचा काथ्या. आणि ताग म्हटलं की गोंधळ होतो, म्हणून सांगते. आपण जमिनीत गाडायला, हिरवळीचं खत म्हणून जो ताग किंवा बोरू पेरतो, तो वेगळा. पोत्याची सुतळी ज्या तागाची असते तो बंगालकडचा, दुसरंच झाड. वाख मात्र दोन्हींचा निघतो.

घायपाताचा वाख काढणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच विचारावं. पानं कापायची, कडेचे काटे तासायचे, ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवायची. आठवडा-दोन आठवडे कुजली की वास असा सुटतो की वाटेनं जाणारा नाकाला पदर लावतो. मग गुडघाभर पाण्यात उभं राहून ती दगडावर बडवायची, गर धुऊन टाकायचा, पांढरा वाख उन्हात वाळवायचा. पानाचा रस अंगाला लागला की खाज, पुरळ. हे सगळं झालं की वळायचं काम सुरू. एकानं बसून वाख पुरवायचा, दुसऱ्यानं पीळ देत मागं मागं सरकायचं.

इथं एक गंमत आहे, जी मला बी.ए. करून कळली नाही, आमच्या गटातल्या एका मावशींनी हातात वाख देऊन कळवली. नुसता पीळ दिला आणि सोडला की तो उलगडतो. म्हणून आधी प्रत्येक पदर एका बाजूला पिळायचा, आणि मग दोन-तीन पदर एकत्र घेऊन उलट्या बाजूला वळायचे. प्रत्येक पदर उलगडायला बघतो, पण त्याचं उलगडणंच बाकीच्यांना आवळतं. म्हणून दोरी सुटत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला टोमणा म्हणून मारतो. एकदा सुंभाचा तुकडा चुलीत टाकून बघा, राखेतसुद्धा वळसे दिसतात.

ही दोरी वळणारे हात बहुतेक गावात मातंग समाजाचे होते. मोटेचा नाडा त्यांनीच वळायचा. तरुण मुलींना मोट माहीत नसेल. विहिरीतून पाण्यानं भरलेली चामड्याची मोट दोन बैल नाड्यानं वर ओढायचे. सोंडेला बारका सोल असायचा, त्याला काही ठिकाणी सोंदूर म्हणतात. बैल धावेवरून उतरताना मोटकरी नाड्यावर बसायचा. नाडा तुटला म्हणजे बैल तोंडावर, माणूस खाली आणि मोट विहिरीत. म्हणजे सगळ्या मळ्याचं पाणी आणि माणसाचा जीव त्या वळलेल्या वाखावर. पोळ्याला किंवा बेंदराला बैलाच्या अंगावर नवा कासरा, नवी वेसण लागायची, वेशीवरचं आंब्याच्या पानांचं तोरणही दोरावरच, आणि ते तुटल्याशिवाय पोळा फुटायचा नाही. या सगळ्याच्या बदल्यात काय? बलुतं. सुगीला खळ्यावर जे मिळेल ते, कधी सुपानं, कधी मालकाच्या मर्जीनं. दोर घरात यायचा, वळणारा अंगणाच्या बाहेर उभा राहायचा.

मावशी हे सांगताना चिडल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. "पान कुजवायला आमची आई, बडवायला मी, आन् दोर म्हनं बाबांनी वळला," एवढंच म्हणाल्या. म्हणजे बलुत्यात गड्याचं नाव तरी होतं, बाईचं तेही नाही. म्हणून "आमच्या वेळी सगळं घरचं, नैसर्गिक" असं कोणी कौतुकानं बोललं की मला अर्धंच पटतं. दोरी उत्तम होती. व्यवहार उत्तम नव्हता. आज त्या घरातली मुलं ते काम करत नाहीत, शिकून दुसरीकडे गेलीत, आणि त्यात हळहळण्यासारखं मला काही दिसत नाही.

नायलॉन आलं ते उगीच नाही. स्वस्त, पावसात कुजत नाही, उंदीर सहसा कुरतडत नाही, बाईच्या अंगाला खाज सुटत नाही. आडावर पाणी ओढणारीला तर हलका दोर म्हणजे सुखच. जुन्या आडाच्या काठाचे दगड पाहा, दोर घासून खाचा पडल्यात. दगडाचं हे झालं, तर हातांचं काय झालं असेल.

पण काही ठिकाणी नायलॉन नकोच, आणि ती ठिकाणं सांगायला मी आज माइकसमोर बसलेय. पहिलं, गाई-म्हशीच्या गळ्यातलं दावं. बारीक नायलॉन दोरी ताण बसला की चामडीत रुतते, केसाखाली जखम होते, माश्या बसतात, आणि आपल्याला दिसतं तेव्हा आत किडे झालेले असतात. गळ्याला जाड सुती पट्टा किंवा सुती दोर घाला, पुढं खुंट्याकडे हवं तर नायलॉन जोडा. वाढत्या वासराची मोरखी महिन्यातून एकदा तरी सैल करा. दुसरं, टोमॅटोची बांधणी. सुतळी वापरली तर पीक निघाल्यावर तुकडे मातीत कुजतात. प्लॅस्टिकची दोरी तशीच राहते, पाल्याबरोबर जनावराच्या पोटात जाते आणि तिथं गुंता होऊन बसते. रवंथ थांबतं, पोट फुगतं, आणि शेवटी डॉक्टरांना पोट उघडावं लागतं. सुतळीला चार पैसे जास्त जातील, म्हशीचा भाव आठवा.

यातून आमच्या गटात प्रश्न निघाला, की मग आपण दोरीचा धंदा का करू नये? हिशेब मांडला. घायपात हातानं कुजवून, बडवून रोजगार सुटत नाही, आणि त्या पाण्यात बायकांना पुन्हा उभं करायला मी तयार नाही. वाख काढायचं यंत्र असेल तर बोलू. जळगाव भागात केळीच्या खोडाचा धागा यंत्रानं निघतो, कोकणातल्या गटांनी काथ्यासाठी केंद्र सरकारच्या काथ्या मंडळाकडे प्रशिक्षणाची चौकशी करावी. आमच्यासारख्या कोरडवाहू गावाला सध्या झेपेल ते एवढंच: तयार सुती दोर आणायचा आणि त्याच्या मोरख्या, मुसक्या, वासरांची दावी करून आठवडी बाजारात विकायची. गाठी मात्र यायला हव्यात. मुसकीच्या जाळीची गाठ आमच्या गावात आता तीनच बायकांना येते, त्यातल्या एक मावशी.

शिकवायला त्या हसत तयार झाल्या. मग बैठकीत एकीनं म्हटलं, मावशी आपल्याच आहेत, त्यांना कशाला पैसे? बराच वेळ कुणी बोलेना. आमच्या सचिवबाईंनी इतिवृत्ताची वही पुढं ओढली आणि विचारलं, "रोजानं लिहू का तासानं?" शेवटी शेतमजुरीच्या रोजाएवढी रक्कम ठरली, गटाच्या खात्यातून, सही घेऊन.

येत्या गुरुवारी दुपारी दोनला समाजमंदिरात पहिला वर्ग आहे. चौदा जणींनी नावं दिलीत, आणखी सहा जागा आहेत. येताना प्रत्येकीनं दहा-बारा हात सुती दोरी आणायची. नायलॉनची आणली तर मावशी दारातूनच परत पाठवणार आहेत, त्यांनी तसं सांगूनच ठेवलंय.