झेंडा कोणी उचलला, कोणी विणला

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत हा अभ्यासवर्गाचा विषय कसा होऊ शकतो, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. ध्वजाला वंदन करायचे, गीत म्हणायचे आणि कामाला लागायचे. त्यात अभ्यासण्याजोगे ते काय? परंतु गेल्या काही वर्षांत या दोन गोष्टींचा उपयोग माणसांची परीक्षा घेण्यासाठी होऊ लागला आहे. कोण उभा राहिला, कोण बसून राहिला, कोणाच्या घरावर झेंडा लागला आणि कोणाच्या नाही, यावरून देशभक्तीची मोजदाद होते. ही मोजदाद करणाऱ्यांना ध्वजाचा इतिहास बहुधा ठाऊक नसतो. आपणास तो ठाऊक असला पाहिजे, कारण त्या इतिहासात कामगारांचा आणि समाजवादी चळवळीचा वाटा लहान नाही.

आरंभ थोडा दूरवरून करतो. १९०७ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली होती. मादाम भिकाजी कामा आणि सरदारसिंह राणा तेथे हिंदुस्थानच्या वतीने गेले. मादाम कामांनी व्यासपीठावर हिंदुस्थानचा म्हणून एक झेंडा फडकावला. हिरवा, पिवळा आणि तांबडा असे त्याचे तीन पट्टे होते. वर आठ कमळे, मध्ये देवनागरीत ‘वंदे मातरम्’, खाली सूर्य आणि चंद्रकोर. हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पण त्याच परिषदेतील दुसरी गोष्ट सांगायची आपण विसरतो. वसाहतींचे धोरण तत्त्वतः त्याज्य मानू नये, समाजवादी राजवटीतही त्याला काही स्थान असू शकेल, असा मसुदा डच प्रतिनिधी व्हॅन कोल यांच्या पुढाकाराने तेथे आला होता आणि समितीत त्याला बहुमत मिळाले होते. खुल्या अधिवेशनात तो १२७ विरुद्ध १०८ मतांनी फेटाळला गेला. म्हणजे जगभरच्या समाजवाद्यांच्या सभेत वसाहतवादाचा पराभव झाला तो अवघ्या १९ मतांनी! मादाम कामांचा झेंडा कोणत्या वाऱ्याविरुद्ध उभा राहिला, हे या आकड्यावरून कळते. तो झेंडा पुढे इंदुलाल याज्ञिक यांनी हिंदुस्थानात आणला. आज तो पुण्यात केसरीवाड्यात आहे. पुण्याच्या साथींनी तो एकदा तरी पाहून यावा.

आजच्या तिरंग्याचा वंश मात्र निराळा आहे. १९२१ साली बेझवाड्याच्या काँग्रेस बैठकीत पिंगली वेंकय्या यांनी तांबड्या आणि हिरव्या रंगांचा एक झेंडा गांधीजींना दाखविला. जालंधरचे लाला हंसराज यांची सूचना होती की त्यावर चरखा असावा. गांधीजींनी त्यात पांढरा रंग घातला. त्या वेळचा अर्थ उघड उघड जमातवार होता : तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर सर्वांचा. अर्थ जमातवार ठेवला की हिशेब मागणारे पुढे येणारच. शिखांनी आपला रंग मागितला, आणि त्यांच्या मागणीत गैर काही नव्हते. ध्वज म्हणजे वाटणीपत्र झाले तर प्रत्येकाला आपला हिस्सा हवा असतो.

या अनुभवातून १९३१ साली जे झाले ते मला ध्वजाच्या सबंध इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. कराचीला एक सात जणांची समिती नेमली गेली. वल्लभभाई, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, जवाहरलाल, पट्टाभि सीतारामय्या, सेवादलाचे डॉ. हर्डीकर आणि आपले काकासाहेब कालेलकर हे तिचे सभासद. समितीने शिफारस केली ती एकरंगी केशरी ध्वजाची, त्यावर चरखा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईस अखिल भारतीय काँग्रेस समिती बसली आणि तिने ही शिफारस बाजूला ठेवली. केशरी, पांढरा, हिरवा हे तीन पट्टे आणि मध्ये चरखा असा ध्वज तिने स्वीकारला, आणि सोबत बजावून सांगितले की या रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही. केशरी धैर्याचा व त्यागाचा, पांढरा सत्याचा व शांततेचा, हिरवा श्रद्धेचा व दिलदारीचा. आजही शाळाशाळांतून ‘केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा’ असे मुलांना सांगितले जाते. सांगणाऱ्या गुरुजींचा हेतू ऐक्याचाच असतो, याबद्दल मला शंका नाही. पण १९३१ साली जाणूनबुजून टाकून दिलेला अर्थ ते पुन्हा उचलून आणतात आणि त्यामुळे नागरिकाऐवजी जमात ध्वजाची मालक ठरते.

आता हा ध्वज उचलला कोणी ते पाहू. १९२३ साली जबलपूरला आणि मग नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून झेंडा घेऊन मिरवणूक न्यायची नाही, असा सरकारचा हुकूम होता. गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांपुढून एक कापडाचा तुकडा जाऊ नये, एवढाच प्रश्न! १ मे पासून रोज तुकड्या निघाल्या आणि रोज तुरुंगात गेल्या. जमनालाल बजाजांना अटक झाल्यावर पुढे वल्लभभाईंनी सूत्रे घेतली. हजाराहून अधिक माणसे तुरुंगात गेली, त्यांत दूरदूरच्या प्रांतांतून आलेले शेतकरीही होते. १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्याने गेली.

सोलापूरची कथा याहून तीव्र आहे. १९३० च्या एप्रिलमध्ये तेथील नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा चढला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पोलिसांनी शहर सोडले, आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. त्या अमलात हाती झेंडा धरणे हाच गुन्हा ठरला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले गेले. ही चार नावे सलग उच्चारून पाहा. रंगांचा जमातवार हिशेब करणाऱ्यांनी यांपैकी कोणता माणूस कोणत्या पट्ट्याखाली घालावा? आणि हे शहर कापडाचे होते, हेही ध्यानात घ्या. ज्यांचे हात दिवसरात्र मागावर चालत त्यांनीच तो झेंडा उचलला.

स्वातंत्र्यानंतरही हे संपले नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन पोर्तुगीज हद्दीत शिरले. त्याआधी मे महिन्यात नानासाहेब गोरे यांची तुकडी गेली होती आणि त्यांनी तुरुंगवास भोगला होता. त्या पंधरा ऑगस्टला पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी वीसहून अधिक माणसे पडली. सागरच्या सहोदराबाई राय झेंडा सावरताना गोळ्या लागून जखमी झाल्या. पत्रादेवीचे स्मारक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत जवाहरलालजींनी ध्वजाचा ठराव मांडला. चरख्याच्या जागी सारनाथचे चक्र आले. कारण व्यवहाराचे दिले गेले : चरखा एका बाजूने पाहिला तर सरळ आणि दुसऱ्या बाजूने उलटा दिसतो, चक्राचे तसे होत नाही. कारण खरे आहे. पण चाकाबरोबर असलेली चाती आणि सूत, म्हणजे श्रमाची खूण, तेवढी गेली. गांधीजींनी आपली नाराजी लपवून ठेवली नाही. त्या दिवशीच्या भाषणांत जयपालसिंग यांचे भाषण मला विशेष वाटते. आदिवासींच्या गावागावांचे स्वतःचे झेंडे असतात, याची आठवण त्यांनी सभागृहाला करून दिली आणि मग या ध्वजाला पाठिंबा दिला. मोठ्या ध्वजाखाली यायचे म्हणून लहान ध्वज गुंडाळावा लागत नाही, हा त्याचा इत्यर्थ.

राष्ट्रगीताबद्दल थोडे. ‘जनगणमन’ २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्ता काँग्रेसमध्ये प्रथम गायिले गेले. त्याच महिन्यात दिल्ली दरबार झाला होता आणि काँग्रेसने त्याच अधिवेशनात बादशहाच्या स्वागताचा ठरावही केला. इंग्रजी पत्रांनी दोन्हींची सांगड घातली आणि रवींद्रनाथांनी पंचम जॉर्जची स्तुती केली ही आवई उठली. ती अजून मरत नाही. रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये एका पत्रात तिचा निकाल लावला आहे. गीतातील भाग्यविधाता हा युगायुगांतून जनांच्या वाटेचे सारथ्य करणारा आहे, कोणताही जॉर्ज तो होऊ शकत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आपण पहिलेच कडवे गातो. दुसऱ्यात हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान आणि ख्रिस्ती या सर्वांचा नामनिर्देश आहे. ते प्रत्येकाने एकदा वाचावे. आणि हेही विसरू नये की ज्या कवीचे गीत आपण राष्ट्रगीत केले, त्यानेच पहिल्या महायुद्धाच्या काळात जपान व अमेरिकेत व्याख्याने देऊन राष्ट्रपूजेच्या नशेविरुद्ध जगाला सावध केले होते. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रबाबूंनी ‘जनगणमन’ हे राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले आणि ‘वंदे मातरम्’ला तोच मान दिला.

राहता राहिला सक्तीचा प्रश्न. ध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर राखणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानात कधी लिहिले गेले? १९७६ साली, बेचाळिसाव्या दुरुस्तीने. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात आणि वृत्तपत्रांवर पहारा असताना. कर्तव्य योग्यच आहे. पण ते शिकविण्याचा मुहूर्त ज्यांनी निवडला त्यांनी हक्क आधी काढून घेतले होते. पुढे १९८५ मध्ये केरळात तीन भावंडांना शाळेतून काढले गेले. आपल्या धर्मश्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत गात नसत, मात्र ते चालू असता आदराने उभी राहत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निर्णय दिला की गायिलेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही आणि आदराने उभे राहणे हा अनादर नव्हे. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये चित्रपटगृहांत गीत वाजविणे सक्तीचे केले. १३ महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, ती सक्ती मागे घेतली. अपंग माणसालाही उठला नाही म्हणून मारहाण झाल्याचे आपण पाहिले आहे. झेंडा फडकविण्याच्या हक्काचे तर याहून चमत्कारिक आहे. ज्या ध्वजासाठी माणसे फासावर गेली, तो आपल्या घरावर वर्षभर लावण्याची मोकळीक सामान्य नागरिकाला २००२ च्या ध्वजसंहितेने मिळाली, आणि तो अभिव्यक्तीचा मूलभूत हक्क आहे हे ठरायला २००४ साल उजाडले. खटला लढविणारे उद्योगपती नवीन जिंदल होते. ही लढाई आपण लढायला हवी होती, असे मला वाटते.

आता कापडाकडे येतो. भारतीय मानक संस्थेने जी मानके केली त्यांत क्रमांक १ चे मानक राष्ट्रध्वजाचे आहे, १९५१ सालचे. सूत किती, वीण कशी, रंग कोणता, सर्व त्यात घालून दिले आहे. चरखा चिन्हातून गेला तरी कापडात उरला होता : ध्वज हातसुताचा आणि हातमागाचाच असावा हा नियम होता. हुबळीजवळ बेंगेरीला आणि आपल्याकडे नांदेडला खादी संस्था हे ध्वज करीत आल्या आहेत. धारवाडजवळच्या गरगचे कापड त्यासाठी प्रसिद्ध आहे. कातणाऱ्या आणि शिवणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया आहेत. ३० डिसेंबर २०२१ रोजी संहिता बदलली आणि यंत्रावर केलेला, पॉलिएस्टरचाही ध्वज चालेल असे ठरले. पुढच्याच ऑगस्टमध्ये घरोघरी झेंड्याची मोहीम निघाली. देशाच्या इतिहासात ध्वजाला एवढी मागणी कधी आली नसेल, आणि नेमक्या त्या वेळी ती मागणी चरख्यापासून आणि मागापासून तोडली गेली. बेंगेरीच्या कामगारांनी निषेध केला. वर्तमानपत्रांत त्याला किती जागा मिळाली ते आपण पाहिलेच.

स्वस्त झेंडा गरिबालाही परवडावा, हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. पण सरकारला गरिबाच्या हाती झेंडा द्यायचा होता तर खादीच्या ध्वजाला अनुदान देता आले असते. कातणारीला मजुरी आणि घेणाऱ्याला झेंडा, दोन्ही साधले असते. ही मागणी आपण लेखी केली पाहिजे. प्रत्येक जिल्हा शाखेने ध्वजसंहितेतील २०२१ ची दुरुस्ती फिरविण्यासाठी आणि खादी ध्वजाच्या अनुदानासाठी ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत केंद्र सरकारकडे पाठवावा. आणि येत्या स्वातंत्र्यदिनासाठी आपल्या कार्यालयांचे ध्वज नांदेडहून मागवावेत. मागणी जूनअखेर गेली पाहिजे. ध्वज तयार व्हायला वेळ लागतो.