सद्हेतूला हिशेबाची जोड

(अमेरिकेच्या ग्रामीण भागातील युवक-सुरक्षेच्या प्रयत्नांविषयी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अमेरिका म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहतात ती न्यूयॉर्क-शिकागोसारखी महानगरे. वस्तुतः त्या देशाचा फार मोठा भूभाग शेती, कुरणे, जंगले आणि विरळ वस्तीची लहान गावे यांनी व्यापलेला आहे. तेथील राज्यांचे विभाग म्हणजे कौंटी. आपल्याकडील जिल्ह्याशी तिची तुलना करता येईल. मात्र लोकसंख्या पाहिली तर ग्रामीण कौंटी बहुधा आपल्या एखाद्या तालुक्याहूनही लहान भरते. शांत, निसर्गरम्य, सर्वजण एकमेकांना ओळखणारे असे गाव मुलांच्या वाढीसाठी आदर्श असणार, अशी समजूत तेथेही दीर्घकाळ रूढ होती. आकड्यांनी या समजुतीला धक्का दिला.

१९९६ ते २०१० या काळात झालेल्या १० ते २४ वयोगटातील आत्महत्यांचा एक राष्ट्रव्यापी अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ग्रामीण भागातील प्रमाण शहरी भागाच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे त्यात आढळले. याची कारणे अनाकलनीय नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ अनेक मैलांवर, सार्वजनिक वाहतूक जवळजवळ नाही, घरोघरी बंदुका, आणि सर्वजण एकमेकांना ओळखतात म्हणूनच मनातील व्यथा बोलून दाखवण्याचा संकोच. याच्या जोडीला मद्यपान आणि निर्मनुष्य रस्त्यांवरील भरधाव वाहने. गावातील एक तरुण गेला की त्या घरावर दुःखाचा डोंगर कोसळतो, गाव हळहळते आणि काही दिवसांनी सारे पूर्ववत होते. प्रत्येक मृत्यू हे त्या त्या कुटुंबाचे दुर्दैव मानले जाते. तो समाजाचा प्रश्न आहे, हे ध्यानी येण्यास फार वेळ लागतो.

तो समाजाचा प्रश्न आहे हे मान्य झाल्यावर काही ग्रामीण कौंट्यांनी जे केले, ते अभ्यासण्यासारखे आहे. परंतु तत्पूर्वी त्यांच्या आधीच्यांनी काय केले आणि ते का फसले, हे पाहिले पाहिजे.

फसलेले सद्हेतू

मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनलगतच्या केंब्रिज आणि सोमरव्हिल या शहरांत १९३९ साली एक मोठा उपक्रम सुरू झाला. रिचर्ड कॅबट या नामवंत वैद्याची ती कल्पना. पाचशेहून अधिक मुलांच्या जोड्या लावण्यात आल्या. वय, घरची स्थिती, स्वभाव अशा बाबतींत सारख्या असलेल्या दोघांपैकी एकाला साहाय्य द्यायचे आणि दुसऱ्याला त्याच्या नेहमीच्या परिस्थितीत राहू द्यायचे, अशी योजना होती. साहाय्य मिळालेल्या मुलांकडे समुपदेशक नियमितपणे जात. अभ्यासात मदत, वैद्यकीय तपासणी, उन्हाळी शिबिरे, काहीही कमी नव्हते. हे काम १९४५ पर्यंत चालले. पुढे मोठी झाल्यावर त्यांतील अनेकांनी, या उपक्रमाने आपले भले केले, असेच सांगितले.

जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने तीस वर्षांनंतर दोन्ही गटांची नोंद तपासली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. ते विलक्षण होते. साहाय्य मिळालेल्या गटाची स्थिती काही बाबतींत अधिक वाईट होती. मद्यासक्ती, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू यांचे प्रमाण त्या गटात अधिक आढळले. नंतरच्या विश्लेषणात असे दिसले की, एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिरांना पाठवलेल्या मुलांना विशेष हानी पोहोचली होती. अडचणीत असलेल्या मुलांना समाजातून वेगळे काढून एकत्र ठेवले की ती एकमेकांकडून नको तेच शिकतात, असा याचा अर्थ संशोधकांनी लावला.

दुसरे उदाहरण सर्वपरिचित आहे. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९८३ मध्ये ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातील पोलीस अधिकारी वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांचे धोके समजावून देत. पालक प्रसन्न, शाळा प्रसन्न, लोकप्रतिनिधीही प्रसन्न! हा कार्यक्रम देशभर पसरला. मात्र स्वतंत्र मूल्यमापनांत त्या मूळ अभ्यासक्रमाचा टिकाऊ परिणाम आढळला नाही. अखेर त्यालाच आपला अभ्यासक्रम बदलावा लागला.

या दोन्ही प्रयत्नांमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उणीव हेतूत नव्हती. आपण करतो त्याचा परिणाम होतो किंवा नाही हे वेळीच तपासण्याची व्यवस्था नसणे, ही उणीव होती. सेवाकार्यात कार्यकर्त्याचा घाम गळतो, म्हणून ते कार्य सफल झाले असे होत नाही.

आधी विचारा, मग करा

सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड हॉकिन्स आणि रिचर्ड कॅटलॅनो या दोन संशोधकांनी या प्रश्नाची मांडणीच बदलली. हृदयविकाराबाबत वैद्यकशास्त्र धूम्रपान, रक्तदाब, आहार असे धोक्याचे घटक आधीच शोधते आणि झटका येण्यापूर्वीच त्यांवर उपाय करते. मुलांच्या बाबतीत असे का करू नये? घरात लक्ष नसणे, शाळेशी नाते तुटणे, व्यसनाकडे मोठ्यांनी काणाडोळा करणे हे धोक्याचे घटक. त्याउलट घराशी, शाळेशी, गावाशी जिव्हाळ्याचे बंध असणे, काही करून दाखवण्याची संधी मिळणे आणि केलेल्या कामाची कोणीतरी दखल घेणे हे संरक्षक घटक. यातून ‘कम्युनिटीज दॅट केअर’ म्हणजे ‘काळजी वाहणारे समाज’ ही कार्यपद्धती आकारास आली.

पद्धती साधी आहे. गावातील शिक्षक, पालक, पोलीस, डॉक्टर, दुकानदार, धर्मस्थळांचे प्रमुख आणि स्वतः तरुण यांनी एकत्र बसायचे. शाळांतून नाव न लिहिता मुलांची पाहणी करायची. त्यातून आपल्याच गावातील मुख्य धोके कोणते ते ठरवायचे. त्यांवर यापूर्वी कसोटीला उतरलेलेच कार्यक्रम निवडायचे आणि काही काळाने पुन्हा पाहणी करून फरक पडला का, ते पाहायचे. यातील पहिली पायरीच सर्वांत अवघड. आपल्या शाळेतील किती मुले मद्य घेतात, किती मुले निराश आहेत, हे कागदावर येऊ देण्यास धैर्य लागते. गावाची अब्रू जाईल, ही भीती सगळीकडे सारखीच!

मॅसॅच्युसेट्सच्याच पश्चिम भागात फ्रँकलिन कौंटी आहे. कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातील हा डोंगराळ, शेतीप्रधान प्रदेश. गावे २६ आणि लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ७१ हजार. मन्रो या सर्वांत लहान गावात तर सव्वाशेहूनही कमी माणसे. येथील कौंटी शासन १९९७ मध्ये विसर्जित झाले आणि गावांनी मिळून एक प्रादेशिक मंडळ उभे केले. म्हणजे वरून आदेश देणारी यंत्रणा नव्हती. जे करायचे ते गावांनी आपसांत ठरवूनच. अशा ठिकाणी शेजारच्या नॉर्थ क्वाबिन भागाला सोबत घेऊन २००२ मध्ये या पद्धतीचा संयुक्त मंच सुरू झाला. विद्यार्थ्यांच्या नियमित पाहण्या, शाळांतून जीवनकौशल्यांचे शिक्षण आणि पालकांशी सातत्याने संवाद हे त्याचे मुख्य काम.

पुढील वर्षांत तेथील किशोरांमधील मद्यपान लक्षणीयरीत्या घटले. अर्थात याच काळात संपूर्ण अमेरिकेतही ते घटले आहे, म्हणून सर्व श्रेय एका मंचाला देणे योग्य ठरणार नाही. परंतु एक गोष्ट निश्चित घडली. वेगवेगळ्या गावांतील माणसांना एका टेबलाभोवती बसण्याची सवय लागली. वेदनाशामक औषधे आणि हेरॉइन यांच्या व्यसनाने ग्रामीण अमेरिकेला ग्रासले, तेव्हा २०१३ मध्ये याच भागात त्यासाठी स्वतंत्र कृतिदल उभे राहिले.

कसोटी आणि मर्यादा

श्रेय कोणाचे, हा प्रश्न सोडवण्यासाठी हॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी अधिक कठोर कसोटी लावली. सात राज्यांतील २४ लहान गावे घेतली, त्यांच्या १२ जोड्या लावल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने प्रत्येक जोडीतील एका गावात ही पद्धती राबवली. पाचवीतील चार हजारांहून अधिक मुलांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला. मुले आठवीत पोहोचली तेव्हा, पद्धती राबवलेल्या गावांत मद्यपान, धूम्रपान आणि गैरवर्तन यांना नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. बारावीपर्यंत या गोष्टींपासून पूर्णतः दूर राहिलेल्या मुलांचे प्रमाणही तेथे अधिक होते. मात्र बारावीच्या वेळी, चालू महिन्यात वा वर्षात व्यसन करणाऱ्यांच्या प्रमाणात दोन्ही प्रकारच्या गावांत लक्षणीय फरक उरला नव्हता. संशोधकांनी हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले. यशाबरोबर अपयशही त्याच पानावर मांडणारे कार्यच पुढे सुधारते.

आयोवा आणि पेनसिल्व्हानिया या राज्यांतील २८ ग्रामीण भागांत याच सुमारास ‘प्रॉस्पर’ हा दुसरा प्रयोग झाला. अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने कृषी विद्यापीठांचे विस्तार-कार्य देशभर सुरू झाले. बियाणे, जनावरे, माती यांविषयी शेतकऱ्याला सल्ला देणारा विस्तार-कार्यकर्ता कौंटीत पोहोचला. ‘फोर-एच’ ही ग्रामीण मुलांची चळवळ तर त्याही आधी, १९०२ मध्ये ओहायोच्या क्लार्क कौंटीत सुरू झालेल्या एका मुलांच्या मंडळातून वाढली. ‘प्रॉस्पर’ने नवी यंत्रणा उभारली नाही, लोकांचा विश्वास आधीच संपादन केलेल्या या विस्तार-कार्यकर्त्याकडेच नेतृत्व दिले. त्याने शाळेला सोबत घेतले. पालक आणि मुले यांनी सात आठवडे, आठवड्यातून एकदा एकत्र यायचे, अशी कुटुंबवर्गाची योजना केली. घराचे नियम कसे ठरवावेत, राग कसा आवरावा, मुलाचे म्हणणे कसे ऐकावे हे तेथे शिकायचे.

या कुटुंबवर्गांना किती कुटुंबे आली? सुमारे १७ टक्के. कोणत्याही कार्यकर्त्याला हा आकडा ओळखीचा वाटेल. दारोदार जाऊन निमंत्रणे द्यावीत आणि सभागृह रिकामे राहावे, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तरीही प्रयोग फसला नाही. शाळेतील कार्यक्रम सर्व मुलांपर्यंत पोहोचत होता. आणि ज्यांची कुटुंबे आली नव्हती अशा मुलांवरही, वर्गाला आलेल्या मित्रांच्या संगतीमुळे चांगला परिणाम झाल्याचे पुढील अभ्यासात दिसले. केंब्रिज-सोमरव्हिलमध्ये संगतीने हानी केली होती. येथे संगतच संरक्षक ठरली. फरक एवढाच की, येथे कोणाला ‘बिघडलेला’ म्हणून वेगळे काढले नव्हते.

मित्र हाच पहिला आधार

संगतीचे हे बळ आत्महत्येच्या प्रश्नातही उपयोगी पडू शकते, हे नॉर्थ डकोटात दिसले. त्या विस्तीर्ण मैदानी राज्यात १९९८ मध्ये ‘सोर्सेस ऑफ स्ट्रेंग्थ’ हा उपक्रम सुरू झाला. ग्रामीण आणि मूलनिवासी वस्त्या ही त्याची आरंभीची भूमी. निराश झालेला तरुण प्रथम मोठ्यांकडे जात नाही. गेलाच तर मित्राकडे जातो. मित्र मात्र गुपित राखण्याच्या भ्रामक निष्ठेपायी गप्प बसतो. म्हणून शाळेतील वेगवेगळ्या गटांतील मुलामुलींना विद्यार्थी-नेते म्हणून शिक्षण दिले जाते. मुख्य शिकवण एकच असते : मित्र संकटात आहे असे वाटले, तर विश्वासातील मोठ्या माणसाला सांगणे हा विश्वासघात नव्हे, ती मैत्रीच होय. तीन राज्यांतील १८ माध्यमिक शाळांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रशिक्षित विद्यार्थी-नेत्यांचे मोठ्यांशी नाते घट्ट झाल्याचे दिसले; मोठ्या शाळांत तर संकटातील मित्राला मोठ्यांपर्यंत पोहोचवण्याचे प्रमाण त्यांच्यात कितीतरी अधिक आढळले.

याला दोन बाह्य उपायांची जोड मिळते. घरातील बंदुका कुलूपबंद ठेवाव्यात आणि गोळ्या वेगळ्या जागी ठेवाव्यात, हा आग्रह डॉक्टर आणि शाळा धरतात. कारण अनेकदा तीव्र आवेगाची वेळ थोडी असते आणि तेवढ्या वेळेपुरता अडसर एक जीव वाचवू शकतो. दुसरा उपाय म्हणजे जुलै २०२२ पासून देशभर सुरू झालेला ९८८ हा तीन अंकी साहाय्य-क्रमांक. दूरच्या वस्तीवरील मुलाला मध्यरात्रीही बोलण्यासाठी माणूस मिळावा, एवढीच त्यामागील अपेक्षा.

सातत्याचा प्रश्न

अशा कामासाठी केंद्रीय शासनाचे अनुदान १९९७ च्या एका कायद्यान्वये मिळते. ते मागणाऱ्या मंचात तरुण, पालक, शाळा, पोलीस, वृत्तपत्रे, व्यापारी, धर्मसंस्था अशा १२ घटकांचे प्रतिनिधी असणे बंधनकारक आहे. परंतु हे अनुदान जास्तीत जास्त १० वर्षेच मिळू शकते. मुलांच्या पिढ्या मात्र दहा वर्षांनी थांबत नाहीत. दरवर्षी नवी मुले सहावीत येतात आणि त्यांच्यासाठी सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. अनुदान संपल्यावर जे मंच विरून जातात, त्यांचे कार्य अहवालांतच उरते. टिकतात ते मंच, ज्यांचे काम शाळेच्या वेळापत्रकात आणि गावाच्या अंदाजपत्रकात आपली जागा मिळवते.

फ्रँकलिन कौंटीत मंच स्थापन झाला, त्या वर्षी आठवीत असलेली मुले आज पस्तिशी ओलांडून गेली आहेत. ती आता पालकांच्या वयाची आहेत. आपल्या मुलाला शाळेत निनावी प्रश्नपत्रिका दिली जाणार आहे आणि त्याचे खरे उत्तर कदाचित अप्रिय असेल, हे ठाऊक असूनही त्या पाहणीला संमती देणारा पालक हाच या कामाचा पाया आहे.