संगणक सल्लागाराची सचोटी



लातूरच्या बाजार समितीत तूर किंवा सोयाबीन विकून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी असते. तीत हमाली किती, तोलाई किती याची नोंद असते. तिच्याविषयी तक्रारी कितीही असोत, कोणी काय घेतले ते कागदावर येते. संगणकाच्या खरेदीत मात्र सल्ला देणाऱ्याला विक्रेत्याकडून काय मिळाले, हे गिऱ्हाइकाला समजण्याची कोणतीच सोय नाही.

डाळमिलचा मालक किंवा शाळेचा संस्थाचालक सल्लागाराला बोलावतो, तो यंत्रातील आपल्याला कळत नाही म्हणूनच. संगणक ज्या मूळ आज्ञावलीवर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टीम विंडोज असावी की लिनक्स, हे तो सल्लागाराच्या शब्दावर ठरवतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१६ नुसार, अभिकर्त्याने मालकाला न कळवता त्याच्या कामात स्वतःचा व्यवहार साधला, तर झालेला लाभ मालक मागू शकतो. प्रत्येक सल्लागार कायद्याच्या अर्थाने अभिकर्ता ठरेलच असे नाही. परंतु तत्त्व त्यालाही लागू पडावे.

या प्रश्नाला सध्या विशेष निकड आली आहे. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था असावी लागते, आणि अनेक जुन्या यंत्रांत ती नाही. अशा वेळी ‘सर्व यंत्रे बदला’ असे सांगणे सल्लागाराला सोपे जाते. त्यात दलाली असेल तर अधिकच सोपे.

समजा, देगलूरच्या एका शाळेत असे दहा संगणक आहेत. मुलांना लेखन, गणित, मराठी टंकलेखन शिकवायचे आहे. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेली लिनक्स त्या यंत्रांवर बहुधा सुखाने चालेल आणि परवान्याचे पैसेही पडणार नाहीत. केरळमधील सरकारी शाळांनी मुक्त आज्ञावलींवरच वर्षानुवर्षे शिकवले आहे. येथे नव्या यंत्रांचा आग्रह धरणे म्हणजे शाळेचा पैसा वाया घालवणे होय.

आता उदगीरची डाळमिल घ्या. तिचे सारे हिशेब टॅलीत आहेत आणि ती आज्ञावली विंडोजसाठी बनलेली आहे. तेथे लिनक्सप्रेमी सल्लागाराने आपली निष्ठा मालकाच्या गळ्यात बांधली, तर ऐन हंगामात मुनीम अडून बसेल. दलाली न घेणाराही पक्षपाती असू शकतो. आवडीचा पक्षपात तर अधिक फसवा, कारण तो करणाऱ्याला आपण निःस्पृह आहोत असेच वाटत असते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले, ते सरकारी व्यवस्थांसाठी. डाळमिलला त्याचा दाखला देऊन उपयोग नाही.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून विंडोजची चोरटी प्रत ‘फुकट’ टाकून दिली जाते. ती चोरटी आहे हे ठाऊक असून वापरली, तर कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ६३ब नुसार ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. ही शिक्षा वापरणाऱ्यासाठी आहे. प्रत टाकून देणारा तोवर दुसऱ्या गावी पोचलेला असतो.

प्रणाली बदलण्यापूर्वी आणखी एक तपासणी हवी. आपल्याकडील कित्येक संस्थांचे जुने ठराव व दाखले युनिकोड नसलेल्या टंकांत आहेत. तो टंक नव्या यंत्रावर नसेल तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरे दिसतात. त्यांच्या रूपांतराचा खर्च अंदाजपत्रकात न दाखवणारा सल्ला अपुरा आहे, मग तो कोणत्याही प्रणालीच्या बाजूने असो.

नांदेडला १९८१ पासून श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तेथून शिकून बाहेर पडलेल्या ज्या तरुणांनी हा व्यवसाय धरला, त्यांनी आपल्या अहवालात दोन्ही पर्याय, पाच वर्षांचा खर्च, बिघाड झाल्यास गावात कोण येईल, आणि विक्रेत्याकडून मिळणारी रक्कम, एवढे तरी लिहावे. ज्याला एकच प्रणाली येते त्याने तसे पहिल्याच भेटीत सांगावे आणि दुसरी जाणणाऱ्याचे नाव गिऱ्हाइकाला द्यावे.