बातमीमागची माणसं

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात 'प्रसारमाध्यमं आणि आपण' या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)

प्रसारमाध्यमांचा विषय निघाला की आपण जाहिरातीतल्या बाईबद्दल बोलतो, मालिकांमधल्या सासू-सुनांबद्दल बोलतो. ते बोलायलाच हवं. पण आज मी तुम्हाला एका वेगळ्या कोपऱ्याकडे नेणार आहे. तंत्रज्ञान आणि नवे उद्योग यांच्या बातम्या देणाऱ्या ज्या छोट्या कंपन्या गेल्या दहा-पंधरा वर्षांत निघाल्या, त्यांच्यामागे कोण माणसं होती, हे आपण पाहू.

तुम्ही म्हणाल, याच्याशी आपला काय संबंध? रात्रपाळी संपवून घरी येणारी मुलगी ज्या गाडीत बसते, ती मोबाईलवरून बोलावलेली असते. बचत गटातल्या बाईला मोबाईलवर कर्ज देणारे तिच्या नातेवाइकांना फोन करून तिची बदनामी करतात. आपल्या आयुष्यात इतक्या आतपर्यंत शिरलेल्या या कंपन्यांवर लक्ष कोण ठेवतं? पोलीस आणि सरकार पुष्कळदा मागाहून येतात. आधी कुणीतरी बातमी द्यावी लागते. म्हणून ती देणारं माणूस आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

बातमीमागे तीन माणसं असतात. एक लिहिणारी, दुसरा पैसे देणारा, आणि तिसरी, जिच्या आयुष्याची ती बातमी असते. या क्रमानेच बोलते.

पहिली, लिहिणारी. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सारा लेसी या पत्रकार बाईने २०१२ साली 'पँडो' नावाची बातम्यांची कंपनी काढली. पदरात तान्हं मूल होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिने उबर या टॅक्सी कंपनीवर कडक लेख लिहिला. निमित्त होतं फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या एका जाहिरातीचं. सुंदर मुली तुमची गाडी चालवतील, असं आमिष त्या जाहिरातीत गिऱ्हाइकांना दाखवलं होतं. जी कंपनी बाईकडे अशा नजरेने बघते, तिच्या गाडीत बायका सुरक्षित कशा राहतील, असा लेसीचा सवाल होता. आपल्या फोनमधून उबर काढून टाकल्याचंही तिने जाहीर केलं.

पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कमधल्या एका मेजवानीत उबरचा एक बडा अधिकारी, एमिल मायकल, एक कल्पना बोलून दाखवत होता. दहा लाख डॉलर खर्च करून माणसं नेमायची आणि टीका करणाऱ्या पत्रकारांचं खासगी आयुष्य, घरदार खणून काढायचं. त्यात लेसीचं नाव त्याने घेतलं. तिथे हजर असलेल्या बझफीडच्या संपादकाने हे छापलं, म्हणून जगाला कळलं. मायकलने माफी मागितली, पण त्याची खुर्ची २०१७ पर्यंत शाबूत राहिली.

यात आपल्याला नवीन काय वाटलं, सांगा बरं? वस्तीत दारूच्या गुत्त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईला पहिलं काय ऐकावं लागतं? तिचा मुद्दा बाजूला पडतो. ती रात्री कुणाबरोबर येते, नवऱ्याजवळ का राहत नाही, मुलं कुणावर टाकून फिरते, हे विचारलं जातं. बोलणाऱ्या बाईचं तोंड तिच्या घरातून बंद करायचं, ही रीत कोट्यवधी डॉलरच्या कंपनीत आणि आपल्या गल्लीत एकच आहे.

आता दुसरा, पैसे देणारा. पँडो काढताना लेसीने भांडवल घेतलं ते त्याच वर्तुळातल्या गुंतवणूकदारांकडून, ज्यांचा पैसा ती ज्या कंपन्यांवर लिहिणार होती तशा कंपन्यांत लागलेला होता. त्यांत पीटर थील आणि मार्क अँड्रीसन ही मोठी नावं होती. तरीही ती उबरवर लिहायला कचरली नाही, हे तिचं मोठेपण. पण व्यवस्था माणसाच्या मोठेपणावर सोडायची नसते. २०१९ मध्ये तिने पँडो विकून टाकलं.

कॅरा स्विशर आणि वॉल्ट मॉसबर्ग या दोघांनी दुसरी वाट धरली. 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या छत्राखालचं काम सोडून त्यांनी जानेवारी २०१४ मध्ये 'रीकोड' सुरू केलं. एका मोठ्या दूरचित्रवाणी कंपनीच्या वृत्तविभागाने त्यात पैसे घातले, आणि उद्योगातल्या बड्यांना बोलावून भरवलेल्या परिषदांतूनही मिळकत होत असे. म्हणजे आज व्यासपीठावर ज्याची मुलाखत घ्यायची, उद्या त्याच्यावर लिहायचं. स्विशरची त्या काळची जोडीदारीण गूगलमध्ये वरच्या पदावर होती. ही गोष्ट दडवण्याऐवजी स्विशर ती स्वतःच लेखी जाहीर करत असे, वाचकांनी काय ते ठरवावं म्हणून. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हितसंबंध सगळ्यांनाच असतात. ते उघड्यावर मांडले की निदान वाचणारी सावध राहते. पुढे २०१५ मध्ये व्हॉक्स मीडियाने रीकोड विकत घेतलं.

तिसरी वाट जेसिका लेसिनची. तीही 'वॉल स्ट्रीट जर्नल'मधली बातमीदार. डिसेंबर २०१३ मध्ये तिने 'द इन्फर्मेशन' काढलं ते वाचकांच्या वर्गणीवर, वर्षाला ३९९ डॉलर. ही वर्गणी आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नाही, तो मुख्यतः पैसेवाल्यांचा वाचकवर्ग आहे, हे लक्षात ठेवा. पण त्याच वर्तमानपत्राने जून २०१७ मध्ये जस्टिन कॅल्डबेक या गुंतवणूकदाराबद्दलची बातमी दिली. भांडवल मागायला आलेल्या उद्योजक बायकांशी तो लगट करतो, अशी सहा बायकांची तक्रार होती. बाईने धंद्यासाठी पैसे मागायचे आणि देणाऱ्याने त्याबदल्यात भलतीच अपेक्षा ठेवायची, हे दुखणं तिथल्या बायकांना ठाऊक होतं, पण छापून येत नव्हतं. निनियान वँग, सुझन हो आणि लेटी शू या तिघी स्वतःच्या नावानिशी बोलल्या. कॅल्डबेकने आरोप आधी नाकारले, मग माफी मागितली आणि काही दिवसांतच त्याला आपल्या संस्थेतून बाहेर पडावं लागलं.

बातमीदाराने कष्ट घेतले, संपादिकेने पाठबळ दिलं, वाचकांच्या वर्गणीने चूल पेटती ठेवली. पण या तिघी बोलल्या नसत्या तर बातमी उभीच राहिली नसती. यापुढे आपल्याला भांडवल कोण देणार, हा प्रश्न समोर असताना त्या बोलल्या. बातमीच्या वर लिहिणाऱ्याचं नाव छापतात. जोखीम उचलणारीचं नाव मजकुरात कुठेतरी असतं.

आता तिसरी, जिची बातमी ती. इथे गोष्ट आपल्या देशात येते. ५ डिसेंबर २०१४ रोजी दिल्लीत एका तरुणीवर उबरच्या गाडीत चालकाने बलात्कार केला. तिने तक्रार केली, खटला चालला, नोव्हेंबर २०१५ मध्ये चालकाला जन्मठेप झाली. तिने सगळं नेटाने निभावलं. आणि मग जून २०१७ मध्ये स्विशर आणि जोहाना भुईया या दोघींनी रीकोडमध्ये बातमी दिली, की उबरच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्या तरुणीचे वैद्यकीय कागद मिळवले होते आणि ते कंपनीच्या प्रमुखांना दाखवले होते. कशासाठी? तर हा बलात्कार म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीचा डाव तर नसेल, अशी शंका त्यांना होती!

बातमीदारांनी विचारणा केल्यावर त्या अधिकाऱ्याला काढून टाकण्यात आलं. त्याच महिन्यात उबरचा प्रमुख ट्रॅव्हिस कलॅनिक यालाही पद सोडावं लागलं. त्यामागे इतरही कारणं साठलेली होती. फेब्रुवारीत सुझन फाउलर या अभियंता बाईने तिथल्या लैंगिक छळाबद्दल जाहीरपणे लिहिलं होतं. दिल्लीच्या त्या तरुणीने अमेरिकेत कंपनीवर खासगीपणाच्या भंगाचा दावा लावला, तो डिसेंबर २०१७ मध्ये तडजोडीने मिटला.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू या. ते कागद काय असतात, हे आपल्याला माहीत आहे. आपण रात्री-अपरात्री बायकांबरोबर सरकारी दवाखान्यात बसलेल्या आहोत. तिच्या अंगावरचा एकेक व्रण तिथे लिहिलेला असतो. ते कागद तिला न विचारता या हातातून त्या हातात गेले. कायदा काय सांगतो? बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ७२ आहे. पण त्यात नाव-ओळख छापण्याबद्दल आहे. बंद खोलीत चार पुरुष तिचे कागद चाळत बसले, तर कोण बघणार? या बाबतीत दोन पत्रकार बायकांनी बघितलं, आणि तिचं नाव न छापता जगासमोर आणलं. चांगली पत्रकारिता म्हणजे काय, याचं याहून सोपं उदाहरण माझ्याजवळ नाही. कागद चाळणाऱ्याचं नाव उघड करायचं आणि जिचे कागद तिचं नाव झाकायचं.

आता आपल्याकडे वळते. अशा बातम्यांचे उद्योग आपल्याकडेही उभे राहिले. श्रद्धा शर्मा यांनी बंगळुरूत २००८ साली 'युअरस्टोरी' सुरू केलं, निखिल पाहवा यांनी दिल्लीत त्याच वर्षी 'मीडियानामा'. नव्या उद्योजिकांच्या यशोगाथा आपण अशा ठिकाणी वाचतो आणि शिबिरात वाचूनही दाखवतो. जरूर दाखवाव्यात. पण कुठलीही यशोगाथा वाचताना चार प्रश्न विचारायची सवय आपण स्वतःला आणि आपल्या गटातल्या मुलींना लावू या. हे कोणी लिहिलं? लिहिणारीचा पगार कुठून येतो? ज्याच्यावर लिहिलंय त्याचे पैसे इथे आहेत का? आणि ज्या बायका या कंपनीत झाडलोट करतात, घरोघर जाऊन काम करतात, त्यांना कोणी विचारलं का?

दोन कामं आपल्या स्वतःच्या घरातली आहेत. आपल्या सल्लाकेंद्रातही बायकांच्या कागदांचं कपाट असतं. त्याची किल्ली कोणाकडे आहे? तिच्या कागदांचे फोटो काढून कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले जातात का? पत्रकार आला की तिला विचारूनच, तिच्या शब्दांत, तिला हवं तेवढंच द्यायचं, असा लेखी नियम आपल्याकडे आहे का? नसेल तर या महिन्यात बैठक घेऊन तो करू या.

दुसरं काम वर्गणीचं. आपलं त्रैमासिक कोणा शेठच्या पैशावर चालत नाही, म्हणून ते कोणाच्याही विरुद्ध लिहू शकतं. ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या टेबलावर भरावी. पावती घ्यायला विसरू नका.